झाकणाच्या आतली ईद

मी एक जुना बर्फाचा डबा आहे. अंगाने लाल, झाकणाने पांढरा आणि डाव्या कानाने तुटका. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागून दुसरं कुणीतरी सांगेल आणि मला खाली मान घालावी लागेल. मला कुणी विकत घेतलेलं नाही. मी फुकट मिळालो.

फुकट ते पौष्टिक, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. काहिराजवळच्या झगाझीग गावातल्या उस्ताद शौकींना हा फुकट डबा तेहेतीस वर्षं पुरला, आणि तो घरी नेण्यासाठी त्यांनी कसल्या कागदावर सही केली होती, हे मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म ‘दहावा रमजान’ नावाच्या कारखान्यांच्या गावात झाला. आम्ही चारशे भावंडं एकाच साच्यातून निघालो, सगळी लाल. माझ्या मनात होतं की एखाद्या मासेवाल्याकडे जावं, रोज समुद्र बघावा, मानाने काम करावं. पण आमची सगळी टोळी एका कंपनीने उचलली. त्या कंपनीचं रास सुद्रला समुद्रकाठी ‘लुलुअत अल-खलीज’ नावाचं रिसॉर्ट होतं आणि ती तिथले आठवडे विकत असे. हो, आठवडे. घर नाही, खोली नाही. वर्षातला एक आठवडा. तो एकदा घेतला की दरवर्षी त्या आठवड्यापुरती ती दोन खोल्यांची बंगली तुमची, आणि उरलेले एक्कावन्न आठवडे एक्कावन्न अनोळखी लोकांची. याला टाइमशेअर म्हणतात. आमचं काम म्हणजे एका क्लबच्या हॉलमध्ये ढीग करून बसायचं आणि लोकांना भुलवायचं.

तो ईदचा आठवडा होता. उस्ताद शौकींना कुणीतरी रस्त्यात चिठ्ठी दिली होती: अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलं आहे, पत्नीला घेऊन या. ते आले. उंच, सडपातळ, शाळेत भूगोल शिकवणारे. बरोबर त्यांची बायको इन्शिराह. ती आदल्याच दिवशी सासरच्या खेड्यातून परतली होती. ईदला तिथे तिने चार नणंदांच्या देखरेखीखाली सात पराती कहक भाजली होती. कहक म्हणजे ईदची साखर भुरभुरलेली बिस्किटं. खायला हलकी आणि करायला फार जड. तिच्या हातांना अजून तुपाचा वास होता.

तामेर नावाचा केसांना तेल चोपडलेला एक तरुण त्यांच्यासमोर बसला.

"मादाम, ईदला तुम्ही काय करता?"

"ईदला मी?" इन्शिराह म्हणाली. "घंटा वाजली की दार उघडते. मग चहा करते. मग परत घंटा वाजते."

"आणि समुद्र?"

"समुद्र नकाशात बघते. हे भूगोलाचे मास्तर आहेत ना."

तामेरने उस्तादांकडे अशा नजरेने पाहिलं की पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाने बायकोचे दागिने विकले असावेत. उस्तादांचे कान लाल झाले. मग तामेर हळूच म्हणाला, "आज आपण ज्या आठवड्यात बसलोय ना उस्ताद, हाच. ईदचा आठवडा. जन्मभर तुमचा. मादाम समुद्राकडे तोंड करून बसतील आणि घंटा वाजणार नाही."

इन्शिराहने नवऱ्याकडे जे पाहिलं, ते मी ढिगाच्या वरून, अगदी समोरून पाहिलं आहे. तेवढ्यावर उस्तादांनी सही केली. तामेरने मला उचललं, त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि मी घरचा झालो.

आता कागदावर काय होतं ते ऐका. कागदावर ‘ईद’ हा शब्दच नव्हता. कागदावर होतं, ‘बारावा आठवडा’. म्हणजे मार्चचा तिसरा-चौथा आठवडा, दरवर्षी तोच. आणि ईद चालते चंद्रावर. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. हे झगाझीगमधल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल; कारण उस्ताद शौकींनीच मोसंबं, लिंबू आणि विजेरी घेऊन गावातल्या निम्म्या पोरांना चंद्राची चाल शिकवली होती. गावाला पोहायला शिकवणारा माणूस स्वतः न्हाणीघरात बुडावा, तसं झालं.

पुढच्या वर्षी आम्ही सुएझचा बोगदा ओलांडून रास सुद्रला गेलो, तेव्हा ईद होऊन दहा दिवस झाले होते. खेड्यातली कहक भाजून, घंटा वाजून, चहा होऊन गेला होता. उस्तादांना हे त्या ईदच्या सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर फाडताना कळलं. तोवर वर्षभर त्यांच्या मनात तो ‘ईदचा आठवडा’च होता.

"ईदला फार गर्दी असते," ते गाडीत म्हणाले. "म्हणून मी मुद्दामच नंतरचा घेतला."

"हो का?" इन्शिराह म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मार्चमध्ये रास सुद्रला वारा असा सुटतो की चहात वाळू पडते आणि ती कुणी बाजूला काढत बसत नाही. पाणी इतकं गार, की माझ्यातलं पाणी त्यापुढे कोमट म्हणावं. पोरं, म्हणजे वाएल आणि सौसन, स्वेटर घालून किनाऱ्यावर उभी होती. उस्ताद ओसरीवर माझ्यावर बसले होते. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग उठले, खिशातून शाळेचा काळा मार्कर काढला, माझं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला कोपऱ्यात एक साल लिहिलं. तेव्हाचं नव्हे, फार लांबचं, बत्तीस वर्षांनंतरचं. त्याभोवती एक गोल काढला. खाली एक रेघ मारली आणि झाकण लावून टाकलं.

त्यांनी मलाच का निवडलं, याचा मी खूप विचार केला आहे. घरातली कपाटं इन्शिराहची, फडताळं इन्शिराहची, त्यांच्या स्वतःच्या कोटाचे खिसेसुद्धा धुण्यापूर्वी तीच तपासायची. माझ्या झाकणाची आतली बाजू तेवढी बेवारशी होती. निदान त्यांना तसं वाटलं.

घरी परतल्यावर इन्शिराहने मला न्हाणीघरात नेलं, सोडा आणि लिंबू घेतलं आणि झाकण उघडलं. ते साल तिने वाचलं. गोल पाहिला. रेघ पाहिली. मग ती मान वळवून गच्चीकडे बघत राहिली. तिथे उस्ताद पुदिन्याला पाणी घालत होते, खाली वाकून, जणू तो पुदिना तपासायचा पेपर होता. मग तिने मला घासलं. बाहेरून, आतून, कडा, कोपरे, सगळं. फक्त ती चार बोटं जागा सोडली.

तिने नवऱ्याला विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, मला काय ठाऊक? मी डबा आहे. आत ठेवलेलं थंड ठेवायचं, एवढंच मला कळतं.

त्यानंतरची वर्षं माझ्या कर्तबगारीची. दर मार्चला मी गच्च भरायचो. रिसॉर्टमध्ये बाहेरचं अन्न नेऊ देत नसत, पण इन्शिराह म्हणायची, त्यांच्या जेवणघरातला भात उंदरालासुद्धा मोजून मिळतो. म्हणून माझ्या तळाशी महशी असायची, म्हणजे भात भरून गुंडाळलेली कोबीची पानं, शंभर-दीडशे. तिच्यावर टॉवेल आणि टॉवेलावर बर्फ. फाटकावर अम्म दस्सूकी, म्हणजे दस्सूकीकाका, हा म्हातारा रखवालदार असे. त्याचं आणि उस्तादांचं दरवर्षी तेच बोलणं व्हायचं.

"उस्ताद, डब्यात काय?"

"बर्फ."

"बर्फाला लसणाचा वास येतोय."

"पाण्यातच असेल. सुएझचं पाणी."

मग इन्शिराह गाडीतून उतरायची, माझ्या तळातून सहा गुंडाळ्या काढून ताटलीत घालायची आणि अम्म दस्सूकी म्हणायचा, "बर्फ चांगला आहे. जा आत."

आमच्याकडे मार्चच्या एकवीस तारखेला मातृदिन असतो आणि तो नेमका आमच्या आठवड्यात यायचा. दरवर्षी पोरं आईला भेट द्यायची. एकदा पातेलं, एकदा तवा, एकदा बारा पेल्यांचा संच. आई डोळे पुसायची, पातेलं घासायची आणि त्याच पातेल्यात सगळ्यांचं जेवण रांधायची. एकाच चुलीवर, कारण बंगलीतली दुसरी शेगडी पहिल्या वर्षापासून बंद होती. समुद्र तिच्या पाठीमागे असायचा. चूल भिंतीकडे तोंड करून होती ना.

सहा-सात वर्षांनी एकदा मोठी ईद, बोकडाची ईद, त्या आठवड्यात आली. उस्तादांचे डोळे चमकले. पण मोठ्या ईदला खेडं सोडून कोण जाऊ देणार? मेंढा कापला, वाटे घातले, आणि कुठल्याशा हट्टाने उस्ताद उरलेले चार दिवस तरी साधायला निघाले. वीस किलो मटण माझ्यात होतं. मित्रांनो, त्या दिवसांविषयी मी जास्त बोलणार नाही. इन्शिराहने चार दिवस ओसरीत बसून मटणाचे तुकडे केले, आणि मला त्या वासातून बाहेर यायला उन्हाळा उजाडला. "ही काही खरी ईद नव्हे," परतताना उस्ताद पुटपुटले. झाकणाच्या आत त्यांनी नेहमीसारखीच साधी रेघ मारली.

बाकी वर्षं ते आठवडा बदलून मिळावा म्हणून खटपट करत. रिसॉर्टच्या कचेरीत मादाम कौसर नावाची बाई होती. तिचा फोनवरचा आवाज माझ्यापेक्षा थंड.

"मार्चचा बारावा?" ती म्हणायची. "उस्ताद, तो आमच्या मांजरालाही नको असतो. त्याच्या बदल्यात मी तुम्हाला काय देऊ? दुसरा मार्चचा बारावा?"

वर्षं गेली. वाएलने माझ्यावर उडी मारली तेव्हा माझा डावा कान तुटला. पुढे तोच वाएल औषधांच्या कंपनीत साहेब झाला, काहिराला गेला, आणि त्याने गाडीत विजेवर चालणारा छोटा फ्रीज बसवला. सौसनचं लग्न झालं. मला कपाटावर, हिवाळ्यातल्या गोधड्यांशेजारी जागा मिळाली. मार्च आला की मात्र उस्ताद स्टूल ओढून मला खाली काढायचे, मग बरोबर कुणी येवो न येवो. शेवटची दोन वर्षं तर आठवडा रमजानात आला. दिवसभर दोघं म्हातारी माणसं उपाशीपोटी वाऱ्यात बसलेली, आणि मी मध्ये, पाण्याने भरलेला. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बघत होतं.

घासणं मात्र चुकलं नाही. एकतीस रेघा झाल्या, बत्तीस झाल्या. चार बोटं जागेची चांगली वीतभर जागा झाली, तरी इन्शिराहचा हात तिथे बरोबर वळण घ्यायचा.

आणि मग मागच्या शरदात मादाम कौसरचा फोन आला. आवाजात मध.

"उस्ताद शौकी, कसे आहात? मादाम कशा आहेत? आम्ही विचार केला, आमच्या जुन्या सभासदांना आता या वयात कशाला त्रास. तुमचा आठवडा आम्ही परत घेतो. देखभालीची वर्गणी बंद, कटकट बंद. रविवारपर्यंत फक्त एक सही."

बत्तीस वर्षं जो आठवडा मांजराला नको होता, तो हिला एकाएकी का हवासा झाला? मला कळलं. उस्तादांनाही कळलं, कारण त्यांची नजर थेट कपाटावर, माझ्याकडे आली. पण ते एवढंच म्हणाले, "विचार करून सांगतो."

शुक्रवारी जेवायला पोरं आली. मी कपाटावरून सगळं ऐकत होतो.

"बाबा, यात विचार कसला?" वाएल म्हणाला. "लोक असले आठवडे गळ्यातून काढायला वकील लावतात, आणि तुमचा ते स्वतःहून काढतायत. करा सही."

"समुद्राला जायचंच असेल तर चांगल्या हॉटेलात जाऊ ना," सौसन म्हणाली. "ममाला तिथे तरी चुलीपुढे उभं राहावं लागणार नाही. ममा, तू सांग."

"मी काय सांगू?" इन्शिराह म्हणाली. "मी तर पहिल्या वर्षापासून म्हणतेय, काढून टाका एकदाचा. वारा काय, वाळू काय. दातात अजून वाळू आहे माझ्या."

उस्ताद संत्रं सोलत होते. एका सालीत सोलायचा त्यांचा नेम. साल मध्येच तुटली.

"यंदाचं वर्ष जाऊ दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी करतो सही."

"का पण? यंदा काय आहे?"

उस्ताद तुटलेली साल जुळवत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर निदान भांडं लहान असावं; इथे ते तेहेतीस वर्षांचं होतं. यंदा ईद त्या आठवड्यात आहे, एवढं म्हणायचा अवकाश, वाएल विचारणार, मग आजवर का नव्हती? आणि भूगोलाच्या मास्तरांना आपल्या पोरांसमोर सांगावं लागणार की, बाळांनो, तुमच्या बापाला चंद्राने फसवलं. मी वर बसून तळमळत होतो. माझ्या झाकणात सगळं लिहिलेलं होतं आणि मला तोंड म्हणून फक्त झाकणच होतं.

"बरं, करतो सही," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी संत्रं तसंच ठेवून दिलं.

तेवढ्यात खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली, "रोबाबिक्याऽऽ". सौसन उठली. "मग हा डबाही देऊन टाकू. कपाटावर नुसती धूळ खातोय." वाएलने मला खाली काढून गच्चीतून भंगारवाल्याला दाखवलं. हत्ती जाताना शेपटालाही बरोबर न्यायचं ठरलं होतं. भंगारवाला खालून ओरडला, "हाजीणबाई, तो लाल डबा का? त्याच्या बदल्यात प्लास्टिकचं घमेलं देतो." घमेलं. माझी किंमत मला त्या दिवशी कळली.

"थांब रे," इन्शिराह गच्चीतून म्हणाली. "माझ्या घरातून घाण वस्तू बाहेर जात नाही. धुऊन देते."

तिने मला न्हाणीघरात नेलं. सोडा, लिंबू. तिचा हात झाकणावरून फिरला, कोपऱ्यापाशी आला आणि सवयीने वळला. सौसन दारात उभी होती.

"ममा, तिथे राहिलंय बघ. काय ते काळं काळं." तिने घासणी उचलली आणि हात पुढे केला.

इन्शिराहने तिचं मनगट धरलं.

"तेवढं राहू दे."

"भंगारात तर द्यायचाय ना?"

"म्हटलं ना, राहू दे."

तिचा आवाज असा होता की सौसनच्या हातातली घासणी खाली पडली. वाएल आला. त्याच्यामागून उस्ताद आले. इन्शिराह जमिनीवर बसलेली, माझं झाकण मांडीवर, त्यावर बत्तीस रेघा आणि एक गोल. उस्तादांनी झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"वाचता येतं मला," इन्शिराह म्हणाली. "आणि पोरांना शिकवताना तुम्ही चंद्र माझ्याच लिंबाचा करत होता. मला काय कळणार नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आठवडा विकून टाकला असता, लाजून. मग मला समुद्रकाठची ईद कोण देणार होतं? तुमच्या बहिणी?" तिने फडक्याने हात पुसले. "म्हणून ‘काढून टाका’ अशी कुरकुर करत बसले. कुरकुर केली की माणूस घाबरून जागचा हलत नाही. आता बोला. पोरं उभी आहेत."

मित्रांनो, मी उस्तादांना वर्गात शिकवताना कधी पाहिलं नाही. पण त्या दिवशी न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, ते पाठ म्हणायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे उभे होते.

"माझी चूक झाली होती," ते म्हणाले. "ईदचा आठवडा म्हणून सही केली. ईद सरकते हे विसरलो. तेव्हाच मोजलं, फिरून परत यायला तेहेतीस वर्षं. ती यंदा पुरी होतात. तुमच्या आईला ईद समुद्रावर देईन म्हणालो होतो. एकही दिली नाही."

वाएलने रेघा मोजल्या, बोट लावून. त्यातल्या कितीतरी वर्षी तो स्वतः स्वेटर घालून तिथे उभा होता. मग तो गच्चीत गेला आणि खाली ओरडला, "डबा नाही द्यायचा. घमेलं तुमच्याकडेच ठेवा."

उस्तादांनी लगेच फोन लावला. सही करणार नाही म्हटल्यावर मादाम कौसरने ऑक्टोबरचे दोन आठवडे देऊ केले. मग तीन. मग वरून एक खास भेट.

इन्शिराहने फोन हातात घेतला. "भेट कसली?"

"मादाम, एक सुंदर बर्फाचा डबा."

"आहे आमच्याकडे एक," इन्शिराह म्हणाली आणि फोन ठेवला.

मग चार महिने तयारी चालली. इन्शिराहने तीन अटी घातल्या. एक, ती चुलीला हात लावणार नाही. दोन, कहक दुकानातून यायची. तीन, घंटा वाजलीच तर ज्याला ऐकू येईल त्याने उठायचं, आणि तिला ऐकू येणार नाही. वाएलने महशी करायचं पत्करलं. त्याच्या गुंडाळ्या पाहून कोबीला वाईट वाटलं असावं. निजायची जागा सहांची आणि माणसं नऊ, यावरून तीन वेळा भांडण झालं. खेड्यातल्या नणंदांना सुगावा लागलाच.

"काय सांगितलंत त्यांना?" इन्शिराहने विचारलं.

"सांगितलं, अवश्य या. स्वयंपाक तुमचा, चूल एक."

त्या आल्या नाहीत.

फाटकावर आता अम्म दस्सूकीचा मुलगा असतो. त्याने वास घेतला आणि बापासारखंच तोंड केलं. आत गेलो तर रिसॉर्ट माणसांनी फुललेलं. सगळ्या काहिराला तो आठवडा हवा होता, आणि तो आमचा होता. माझी छाती फुगली असती, पण माझी छाती टणक प्लास्टिकची आहे.

ईदच्या सकाळी नमाज आटोपून उस्ताद परत आले. इन्शिराह ओसरीत खुर्चीवर बसली होती, समुद्राकडे तोंड करून. पाय माझ्यावर. माझ्यात पाणी आणि संत्री, आणि तिच्या मांडीवर दुकानाच्या खोक्यातली कहक. वारा होताच.

"वारा आहे जरा," उस्ताद ओशाळून म्हणाले.

"असू दे."

घंटा वाजली नाही. तास गेला. तिने एक कहक खाल्लं, मग दुसरं.

"कशी आहेत?"

"वाईट. तुपाचा पत्ता नाही, आणि भाजलीत की वाळवलीत कळत नाही."

"बदलून आणू?"

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी केलेली वाईट कहक, बसून, आयती खायची होती मला. एवढंच हवं होतं." आणि तिने तिसरं उचललं. तिचे डोळे भरून आले होते. वाळू गेली असं ती म्हणाली, आणि उस्तादांनीही ते तसंच मानलं.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून मार्कर काढला. "पाय उचल जरा. रेघ मारायचीय."

"उचलणार नाही. मी बसलेय."

मग ते शेजारी बसून राहिले, मार्कर हातात धरून. वाट बघायची त्यांना सवय होती. दुपारी ती आपणहून उठली, तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, तेहेतिसावी रेघ मारली, आणि खाली एक नवं साल लिहून गोल काढला.

इन्शिराहने वाकून वाचलं. "तेहेतीस वर्षांनंतरचं नाही वाटत हे."

"नाही. सहा वर्षांनंतरचं. मोठी ईद येतेय या आठवड्यात."

"म्हणजे आठवडा ठेवायचा?"

"तू म्हणशील तसं."

तिने बोटांवरची साखर झटकली. "मटणासकट?"

"मटणासकट."

"काढून टाका एकदाचा," ती म्हणाली, आणि माझं झाकण हळूच, दोन्ही हातांनी लावलं.

तर मित्रांनो, मला अजून सहा वर्षं टिकायचं आहे, आणि शेवटी माझ्यात पुन्हा मटण येणार आहे. माझं मागणं फार नाही. माझ्यावर उड्या मारू नका, मला उन्हात उघडा टाकू नका, आणि घमेल्याच्या बदल्यात देऊ नका. आणि तुमच्या घरात एखादा जुना डबा असेल, तर तो घासताना झाकणाच्या आत एकदा बघा. तिथे कुणी काही लिहून ठेवलेलं दिसलं, तर तेवढी चार बोटं जागा सोडून घासा.